काचेपलीकडचं वाक्य

छापखान्यात त्याला सगळे ‘उलटे’ म्हणत. हे आडनाव नव्हे, गुण. तो जुळारी होता. लाकडी घरांतून शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि त्यांच्या ओळी लावायच्या, हे त्याचं काम. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि जुळारी ते उलटंच वाचतो. वीस वर्षं हे केल्यावर त्याच्या डोळ्यांना उलटसुलट सारखंच झालं होतं. चहाच्या दुकानात समोरच्या गिऱ्हाइकाने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, की हा पठ्ठ्या अलीकडून अख्खं पान वाचून काढी आणि वर म्हणे, ‘‘झालं असेल तर उलटा की पान!’’

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात, आणि मी काही तुम्हाला अडवणार नाही.

छापखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका बाजूला खिडक्या, खिडक्यांखाली जुळाऱ्यांची घरं, मधोमध पानं बांधायचा सपाट दगड, पलीकडे यंत्र. अगदी टोकाला काचेची भिंत घालून केलेली एक खोली होती. तिथे तपासनीस बसे आणि प्रुफातल्या चुका काढी. त्याच्यासमोर बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायला एक बाई असे. ती वाचणार, हा प्रुफावर नजर फिरवणार. आता अशा वाचण्यात नुसते शब्द वाचून भागत नाही, चिन्हंही वाचावी लागतात. ‘माणूस मर्त्य आहे स्वल्पविराम पण त्याची कीर्ती अमर असते पूर्णविराम नवा परिच्छेद’, असं दिवसभर चाले. सगळे तिला वाचकबाई म्हणत.

जुळारी त्या आवाजाच्या प्रेमात पडला. माणसं डोळ्यांच्या, केसांच्या प्रेमात पडतात, हा स्वल्पविरामाच्या प्रेमात पडला. तिचा स्वल्पविराम म्हणे असा काही यायचा, की पुढचा शब्द ऐकायला खिळा हातातच राहायचा. शेवटी एकदा डबा खायच्या सुट्टीत तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, ‘‘मला तुमच्याशी लग्न करायचं आहे.’’

तिने विचारलं, ‘‘पूर्णविराम की प्रश्नचिन्ह?’’

‘‘पूर्णविराम,’’ तो म्हणाला, आणि लग्न झालं.

संसार सुखाचा झाला. मूल झालं नाही, ते दुःख दोघांनी मिळून गिळलं. घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून हाक मारी, ‘‘जेवायला या स्वल्पविराम, गार होतंय उद्गारचिन्ह!’’ आणि तो हसत हसत पानावर बसे. लग्नाला आठ वर्षं झाली तरी हा विनोद त्यांना जुना वाटत नव्हता. प्रेमात माणसं किती थोडक्यावर भागवतात!

मग जुना तपासनीस गेला आणि नवा आला. जुना दमेकरी म्हातारा होता, त्याचा मत्सर करायचा तर माणसाने खांबाचाही करावा. नवा चाळिशीतला, बिनलग्नाचा, इस्त्रीच्या शर्टातला, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. वाचकबाई पुढे वाकायची, आणि तेवढं जुळाऱ्याला पुरलं.

मत्सराची सुरुवात कशी होते, हे कुणी सांगू शकत नाही म्हणतात. मी सांगतो. ती हिशेबातून होते. तिचा आवाज दिवसाचे आठ तास त्या खोलीत असतो. घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो, बाई दोन शब्द बोलते आणि गप्प होते. म्हणजे सगळी मलई तो खातो आणि आपल्या वाट्याला खरवड. तोवर आठ वर्षं तिचा घसा असाच बसत होता आणि स्वतः जुळारीच तिला मध चाटवत होता, हे सोयीने विसरायला झालं.

त्यात यंत्रावरचा गडी भलताच जिभेचा. ‘‘उलटे,’’ तो म्हणे, ‘‘वहिनींचा आवाज आज काय लागलाय हो! ऐकणाऱ्याची मजा आहे.’’ त्याच्या मनात काही नसे, पण ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. उजेड बरा पडतो असं सांगून जुळाऱ्याने आपलं खिळ्यांचं घर ओढत ओढत काचेच्या भिंतीला आणून भिडवलं.

आणि मग त्याला दिसायला लागलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, पण ह्याला दिसलं ते खरोखर होतं, हीच तर पंचाईत. तपासनीस तिच्याकडे पापणी न लववता बघत राही. कागद दोघांत एकच असे आणि डोकी जवळ जवळ. संध्याकाळी जिना उतरताना त्याने तिचं कोपर धरलेलं जुळाऱ्याने स्वतः पाहिलं. तिने झिडकारलं नाही. उलट एकेक पायरी सावकाश उतरली.

त्याने घरी विचारलं, ‘‘काय बोलता तुम्ही एवढं?’’

‘‘बोलतो कुठे? वाचते मी.’’

‘‘आणि तो?’’

‘‘ते ऐकतात,’’ ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. तिने मान वर केली नाही, हे त्याने बरोबर टिपलं.

असं वर्ष गेलं. मग एका दुपारी ते वाक्य आलं.

वाचन चाललं होतं. गिरणीवाल्यांच्या दिवंगत वडिलांचा स्मरणग्रंथ होता, जाडजूड, प्रत्येक ओळीत पुण्याई. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ नेमाने येत होते. मध्येच आवाज थांबला. काचेपलीकडे तपासनीस काहीतरी पुटपुटला, नाक ओढल्यासारखं झालं. आणि मग तिचा आवाज, हळू, पण ह्याने वीस वर्षांत कमावलेल्या कानाला स्पष्ट:

‘‘मी आहे ना मी असेपर्यंत कुणाला कळणार नाही अगदी ह्यांनासुद्धा नाही.’’

जुळाऱ्याच्या हातातला खिळा खाली पडला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पुस्तकातलं असेल. पण त्याला कोण फसवणार? वाक्यात एक चिन्ह नव्हतं. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. म्हणजे ते कागदावरचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. आणि ‘ह्यांना’ म्हणजे कोण, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बायको दुसऱ्या कुणाला ‘हे’ म्हणत नाही.

त्याने तिथल्या तिथे काच फोडली असती तर फार बरं झालं असतं. भांडण झालं असतं, लोक जमले असते, खरं काय ते पाच मिनिटांत बाहेर आलं असतं. पण गप्प माणसांचा राग शहाणा असतो. तो वाट बघतो.

चार दिवसांनी स्मरणग्रंथाचं शेवटचं प्रूफ सही होऊन आलं. ‘छापा’ असा शेरा पडला, की त्या पानांना कुणी हात लावायचा नाही, हा छापखान्याचा धर्म. पानं लोखंडी चौकटीत आवळून दगडावर ठेवलेली होती. डबा खायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. जुळाऱ्याने किल्लीने चौकट सैल केली, चिमट्याने पहिल्या पानावरचा एक ‘थ’ उपसला आणि त्या जागी ‘च’ बसवला. चौकट पुन्हा आवळली, हात धुतले आणि डबा खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुद्दाम चूक केली होती. चूक छापून येईल, तपासनिसाच्या माथी बसेल, मालक त्याला हाकलतील आणि काचेची खोली रिकामी होईल, एवढा साधा त्याचा बेत होता.

दोन हजार प्रती निघाल्या. बांधणी झाली, कापडी पुठ्ठे चढले. समारंभात गिरणीवाल्यांचे धाकटे काका ग्रंथ उघडून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात त्यांनी पहिलं वाक्य वाचलं: ‘‘असा चोर माणूस शतकात एकदाच होतो.’’ मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांना कळायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर ग्रंथ उघडा पडलेला. मालक सहसा ओरडत नसत, त्या दिवशी खिडकीवरची कबुतरं उडाली. ‘‘शेवटचं प्रूफ कुठं आहे? आणा ते! बघू द्या, चूक प्रुफात आहे की मागाहून झालीय!’’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं जुळाऱ्याचं झालं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या प्रुफावर लख्ख ‘थोर’ होतं. ते मिळालं, की दगडावरच्या पानाला कुणाचा हात लागला हे विचारावं लागणार नव्हतं. 

प्रूफ फायलीत नव्हतं, टोपलीतही नव्हतं. आणि मग वाचकबाई पुढे आली.

‘‘शोधू नका,’’ ती म्हणाली. ‘‘ते रद्दीत गेलं. शेवटचं प्रूफ मी एकटीने पाहिलं होतं. ह्या साहेबांना त्या दिवशी बरं नव्हतं. सही माझी, चूकही माझी.’’

तपासनीस उठायला लागला. त्याचे ओठ हलले.

‘‘तुम्ही बसा,’’ ती म्हणाली. आणि तो बसला, मूग गिळून बसला. जुळारीही उभाच्या उभा राहिला, त्यानेही मूगच गिळले होते. त्या खोलीत तिच्यासाठी बोलू शकतील असे दोन पुरुष होते आणि एकालाही जीभ नव्हती.

चौदा वर्षांची नोकरी दहा मिनिटांत गेली. तिने आपला डबा उचलला आणि कुणाकडे न बघता जिना उतरली.

आता तुम्ही म्हणाल, कोणाही नवऱ्याला ह्या जागी लाज वाटली असती. त्याला वाटली, क्षणभर. पण मत्सर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. तो कानात म्हणाला, बघ, त्याची नोकरी वाचवायला हिने आपली मान पुढे केली. तुझ्यासाठी केलं असतं का? प्रूफ हरवलं ते नशीब, आणि बाकी सगळं प्रेम. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला गेला होता. नाक कापलं गेलं, अपशकुन राहिलाच.

घरी तो तिच्याशी बोलेनासा झाला. ती स्वयंपाक करी, वाढी, आणि त्याच्यासमोर बसून राही. वाढताना आता ती नुसतंच ‘‘जेवा’’ म्हणे. आठ दिवसांनी संध्याकाळी तिने विचारलं, ‘‘अहो, तुम्हाला मला काही सांगायचंय का?’’

‘‘मला?’’ तो म्हणाला. ‘‘सांगायचं तर तुला असेल.’’

‘‘मी विचारतेय. काहीही असू दे. मी रागावणार नाही.’’

‘‘तू रागावणार नाहीस?’’ तो उभा राहिला. ‘‘वा! उपकार झाले! जा, त्यालाच जाऊन वाचून दाखव. तो वाट बघत असेल.’’

तिने ताट झाकून ठेवलं. पुढचे तीन दिवस ती त्याच्याकडे बघत राहिली, दुकानदाराने सुटे पैसे देतो म्हणून आत जावं आणि माणसाने दारात थांबून राहावं, तशी. चौथ्या दिवशी तिने कपडे भरले आणि ती मोठ्या बहिणीकडे गेली. बहिणीचं गाव गाडीने तीन तासांवर. जाताना तिने त्याचे धुतलेले शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवले होते.

ती गेल्यावर पंधरा दिवसांत तपासनिसानेही नोकरी सोडली. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणत मालकांनी नवा माणूस ठेवला. जुळाऱ्याला मात्र झोप लागेना. ही गेली, लगेच तोही गेला! आणखी काय पुरावा हवा?

एका रविवारी सकाळच्या गाडीने तो बहिणीच्या गावी गेला. घराकडे गेला नाही. समोर भांड्यांचं दुकान होतं, तिथे पातेलं बघायच्या निमित्ताने उभा राहिला. दुकानदाराने बावीस पातेली दाखवली. ती गच्चीवर आली, कपडे वाळत घातले, थोडी उन्हात उभी राहिली, आत गेली. दुपार झाली. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तो निराश झाला. तपासनीस आला असता तर निदान आपण मूर्ख ठरलो नसतो! माणूस एवढा घसरतो, की आपली बायको बेइमान निघावी म्हणून उन्हात उभा राहतो. हाक मारण्याइतकी ती जवळ होती. त्याने एक पातेलं विकत घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला.

सात महिन्यांनी तिच्या मेहुण्यांचं पत्र आलं. ताप उतरत नाही, तुमची आठवण काढते, निघून या. पत्र वाचून तो लगेच उठला, आणि पुन्हा बसला. आठवण माझीच काढते कशावरून? उशाशी कोण बसलं असेल? आपण जायचं आणि तो तिथे दिसायचा! ह्या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा खाट मोकळी होती आणि गादी उन्हात टाकली होती. बहीण रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘परवा यायचं होतंत.’’

पुढची चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तो काम करी, घरी येई, नव्या पातेल्यात भात शिजवी. शेजारीपाजारी म्हणत, बिचारा, बायकोवर जीव होता. होताच. मत्सर काय हवेवर जगतो?

एका दुपारी दारावर काठीचा आवाज झाला. दार उघडलं तर तपासनीस. केस पिकलेले, शर्ट चुरगळलेला, आणि नजर जुळाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर लागलेली. जुळाऱ्याने खुर्ची सरकवली. तपासनिसाने ती हाताने चाचपली आणि मग बसला. तेव्हा कुठे ह्याला कळलं.

‘‘डोळे आत्ता गेले नाहीत,’’ तपासनीस म्हणाला. ‘‘मी तुमच्या छापखान्यात आलो तेव्हाच निघाले होते. पहिल्या वर्षातच अक्षर दिसेनासं झालं. बाईंच्या लक्षात आलं. मग वाचायच्याही त्याच आणि प्रूफ बघायच्याही त्याच. मी नुसती सही करायचो, सहीची जागासुद्धा त्या बोटाने दाखवायच्या. एकदा मी रडलो. म्हटलं, मालकांना कळलं तर मी रस्त्यावर येईन. त्या म्हणाल्या, मी असेपर्यंत कुणाला कळणार नाही, अगदी ह्यांनासुद्धा नाही. मीच तसा शब्द घेतला होता.’’

जुळारी भिंतीला टेकला.

‘‘आणि तो ‘चोर’,’’ तपासनीस पुढे म्हणाला, ‘‘प्रुफात नव्हता. पहिलं पान म्हणून त्यांनी तीनदा वाचलं होतं. बोभाटा झाल्यावर सकाळी त्या आधी आल्या, फायलीतून तो कागद काढला आणि पुन्हा वाचला. मग मला म्हणाल्या, कोणी केलं ते कळलं, हे पान ह्यांच्याच हातचं. हा कागद मालकांच्या हाती लागला तर ह्यांना एकही छापखाना दारात उभं करणार नाही. आणि बांधणीखात्यातल्या सरसाच्या शेगडीत त्यांनी तो टाकला. मला जळका वास आला.’’

म्हणजे तिने मान दिली ती ह्याच्यासाठी. ह्याच्या हातासाठी, ह्याच्या पोटासाठी. एवढं ऐकल्यावर माणसाला काय वाटावं? जुळाऱ्याला सगळ्यात आधी वाटलं ते हे, की ती हे ह्या तपासनिसाला बोलली, मला नाही.

‘‘मला का नाही बोलली?’’ तो ओरडला.

‘‘तुम्ही बोलाल म्हणून थांबल्या होत्या. म्हणाल्या, मी आधी काढलं तर त्यांची मान जन्मभर खाली राहील. त्यांनी आपणहून सांगितलं तर एका वाक्यात मिटेल.’’

‘‘आणि तुम्ही? तुमचं तोंड शिवलं होतं?’’

‘‘आधी नोकरीसाठी गप्प बसलो,’’ तपासनीस म्हणाला. ‘‘नंतर लाजेने. कारण तुम्हाला वाटत होतं ते निम्मं खरं होतं. माझ्या बाजूचं निम्मं.’’

 खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

‘‘तिला माहीत होतं?’’

‘‘नाही. त्यांच्या मनात तसं कधी आलंच नाही. ते फक्त तुम्हाला दिसलं.’’

जुळाऱ्याने मूठ आवळली आणि सोडली. आंधळ्या माणसाला मारून काय मिळणार होतं? मग चार वर्षं जे विचारायला कुणी नव्हतं, ते त्याने विचारलं. ‘‘तुम्ही गेला होतात तिकडे?’’

‘‘गेलो होतो. त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी. ताप डोक्यात गेला होता. पावलं ऐकून त्या म्हणाल्या, अहो, आलात?’’

‘‘मग?’’

‘‘मी हो म्हणालो.’’

जुळाऱ्याला बसायला दुसरी खुर्ची नव्हती. तो जमिनीवर बसला.

‘‘मग म्हणाल्या, आता सांगा. त्यांना काय ऐकायचंय ते मला माहीत होतं. तुम्ही येत नव्हता. म्हणून मीच सांगितलं. तुमच्यासारखा आवाज काढून म्हटलं, तो शब्द मी बदलला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला माहीत होतं, झालं ते झालं. आणि शांत झोपल्या.’’

‘‘ती माफी माझी होती,’’ जुळारी म्हणाला.

‘‘हो,’’ तपासनीस म्हणाला. ‘‘तेच सांगायला आलो.’’